नियम बदलायला लावणारा खेळाडू

फुटबॉलचा सामना तुम्ही पाहिला असेल. एखादा खेळाडू चेंडू घेऊन एकटाच गोलसमोर पोहोचतो आणि चेंडू जाळ्यात मारतो. प्रेक्षक आनंदाने ओरडू लागतात. इतक्यात पंचांची शिट्टी वाजते. गोल रद्द! कारण विचारले तर उत्तर मिळते, ‘ऑफसाइड’. हा नियम आज ज्या रूपात आहे, त्यामागे बेलफास्टच्या एका खेळाडूची हुशारी आहे. त्यांचे नाव बिल मॅक्क्रॅकन.

मॅक्क्रॅकन यांचा जन्म २९ जानेवारी १८८३ रोजी झाला. त्या वेळी संपूर्ण आयर्लंडवर ब्रिटिशांचे राज्य होते. बेलफास्टच्या डिस्टिलरी या संघातून ते खेळू लागले आणि १९०२ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, आयर्लंडच्या संघात आले. १९०४ मध्ये ते इंग्लंडमधील न्यूकॅसल युनायटेड या संघात गेले. तेथे ते उजव्या बाजूचे बचाव खेळाडू होते. न्यूकॅसलने १९०५, १९०७ आणि १९०९ असे तीन वेळा लीगचे विजेतेपद मिळवले, १९१० मध्ये एफ. ए. कपही जिंकला.

आता त्यांची युक्ती समजून घेऊ. मी वर्गात हे टेबलावर खडू मांडून दाखवतो. तुम्हीही करून पाहा. टेबलाची कड म्हणजे गोलरेषा. त्या काळचा नियम असा होता : सोबत्याने चेंडू पुढे मारला त्या क्षणी, चेंडूच्या पुढे उभ्या असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये विरुद्ध संघाचे किमान तीन खेळाडू हवेत. गोलरक्षक धरून तीन. तीनपेक्षा कमी असतील तर तो खेळाडू ऑफसाइड. प्रत्येक संघात साधारणपणे दोन बचाव खेळाडू मागे राहत. म्हणजे ते दोघे आणि गोलरक्षक मिळून तीन झाले.

मॅक्क्रॅकन काय करत? समोरचा खेळाडू चेंडू पुढे मारणार, हे ओळखून ते क्षणभर आधी चार पावले पुढे सरकत. बस्स! मागे उरले दोघेच, आणि गोलकडे धावणारा खेळाडू आपोआप ऑफसाइड. त्यांचा जोडीदार फ्रँक हडस्पेथ मागे थांबे, त्यामुळे अंदाज चुकला तरी गोल सहज होत नसे. धावणे नाही, धक्काबुक्की नाही. ही युक्ती त्यांच्या आधीही काही जणांनी वापरली होती, पण इतक्या अचूकपणे कोणी वापरली नव्हती.

प्रेक्षक मात्र चिडत. पैसे देऊन गोल पाहायला आलेल्या लोकांना शिट्ट्याच ऐकाव्या लागत. एक किस्सा सांगतात. बाहेरगावचा एक संघ आगगाडीने न्यूकॅसलला आला. स्टेशनवर गार्डने शिट्टी वाजवली, तेव्हा एक खेळाडू म्हणाला, “अरे, गाडीतून उतरलोही नाही आणि ऑफसाइड झालो!”

तुम्ही विचाराल, ही फसवणूक नव्हे का? मला तसे वाटत नाही. त्यांनी नियम मोडला नाही; नियमातली फट फक्त त्यांना इतरांपेक्षा लवकर दिसली.

स्वभावाने ते ताठ होते. आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी इंग्लंडच्या खेळाडूंना जेवढे मानधन मिळे, तेवढेच आपल्यालाही मिळावे, अशी मागणी त्यांनी केली. आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेला ती रुचली नाही. त्यांना संघातून वगळण्यात आले. १९०७ नंतर थेट १९१९ पर्यंत ते देशासाठी एकही सामना खेळले नाहीत. खेळाडूच्या ऐन उमेदीची ती बारा वर्षे! १९१४ मध्ये आयर्लंडने ब्रिटनमधील चार देशांची स्पर्धा जिंकली, तेव्हाही ते संघात नव्हते. समान कामाला समान दाम मागण्यात गैर काय होते, हे मला आजही समजत नाही.

१९२३ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्यांनी न्यूकॅसल सोडले आणि ते हल सिटी या संघाचे व्यवस्थापक झाले. तोवर बहुतेक संघांनी त्यांची युक्ती उचलली होती आणि गोल कमी होत चालले होते. शेवटी १९२५ मध्ये नियम बदलला. तीनऐवजी दोन खेळाडू पुरेसे ठरले. टेबलावरचे खडू पुन्हा मांडा. आता एक बचाव खेळाडू पुढे सरकला तरी मागे दोघे उरतात, म्हणजे ऑफसाइड नाही, उलट गोलकडे जायची वाट मोकळी! इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत १९२४-२५ च्या हंगामात १,१९२ गोल झाले होते. पुढच्याच हंगामात, तेवढ्याच सामन्यांत, १,७०३ झाले. बचाव करणारे गोंधळून गेले. ऑक्टोबर १९२५ मध्ये न्यूकॅसलने आर्सेनलवर ७-० असा विजय मिळवला. त्यानंतर आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतला एक खेळाडू मागे घेतला आणि दोनाचे तीन बचाव खेळाडू केले.

व्यवस्थापक म्हणून मॅक्क्रॅकन यांना ज्या नियमाखाली संघ खेळवावा लागला, तो असा त्यांच्याच खेळामुळे आला होता. १९३० मध्ये त्यांनी हल सिटीला एफ. ए. कपच्या उपांत्य फेरीपर्यंत नेले. तेथे आर्सेनलशी पहिला सामना बरोबरीत सुटला आणि दुसरा एका गोलने हातचा गेला. जानेवारी १९७९ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.