आजींचा ३१ जून

आमच्या नात्यात एक आजी आहेत, धाराशिवच्या. म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादच्या. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख आहे ३१ जून! जूनचे दिवस तीसच, हे मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजणारे पोरही सांगेल. पण दाखल्यावर ती तशी पडली आणि सत्तर वर्षे कुणाला टोचली नाही. कागद बिचारा सोशिक!

टोचली ती संगणकाला. नातवाने तारीख घातली, तर एका प्रोग्रॅमने मुकाट्याने १ जुलै छापली. दुसऱ्याने 'तारीख अवैध' म्हणून अर्जच अडवला. आजी म्हणाल्या, "एक मला दिवसाने धाकटी करतो, दुसरा म्हणतो मी जन्मलेच नाही!"

दोघेही आपापल्या नियमानेच वागले, बरे का! प्रोग्रॅम लिहिणारा तारखांचा हिशेब स्वतः मांडीत नाही. त्यासाठी तयार लायब्ररी असते. जावास्क्रिप्टला वर्ष, महिना, दिवस वेगळे दिले, की ती जादा दिवस पुढच्या महिन्यात ढकलते. पायथॉन चूक दाखवून थांबते. मला थांबणारीच बरी वाटते. अडलेला अर्ज निदान दिसतो. मुकाट्याने बदललेली तारीख दिसतही नाही.

शिवाय, वैध दिसणारी तारीख खरी असतेच असे नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि दप्तरात साल असे फसली. १३४५ फसली म्हणजे इसवी १९३५-३६. नुसते १३४५ घातले, तर संगणक तो इसवी सन धरील आणि जमिनीचा कागद जवळजवळ सहाशे वर्षांनी म्हातारा होईल!

मग करावे काय? आपले पंचांग पाहा. एखादी तिथी सूर्योदय न पाहताच सरली, तर पंचांगकर्ता ती उद्यावर ढकलीत नाही. 'क्षय' असे स्वच्छ लिहितो. संगणकातही मूळ नोंद एका रकान्यात जशीच्या तशी राहावी, दुरुस्ती शेजारच्या रकान्यात यावी, आणि दुरुस्तीपूर्वी माणसाला विचारावे.

नातवाने शेवटी तेच केले. "आजी, तुमचा जन्म नक्की कधीचा?"

"वटपौर्णिमेचा," आजी चटकन म्हणाल्या. "आई दर वर्षी सांगायची. पण मला विचारले कुणी?"