अनोळखी आकाशांत ओळखीची चाल

मालवणच्या किनाऱ्यावर जत्रेच्या रात्रीं देवाची पालखी देवळांत परतली, कीं मंडपाच्या एका अंगाला पेटी, पखवाज आणि झांज यांची जुळवाजुळव सुरू होते. मुलें आईच्या मांडीवर कलंडलेलीं असतात. सूत्रधार गणेशस्तवन म्हणूं लागतो आणि तीं डोळे चोळीत उठून बसतात. पुढें कोणतें आख्यान होणार, हें त्यांना ठाऊक नसतें. चाल मात्र ठाऊक असते. तेवढ्यावरून आतां दशावतार उभा राहणार, हें त्यांना कळतें.

अपरिचित कथेंत परिचित चाल काय काम करते, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं उदाहरण मुद्दाम दूरचें घेतों.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही विज्ञानकथांची अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९८७ पासून १९९४ पर्यंत चालली. तिचा काळ चोविसाव्या शतकांतला. माणसें ताऱ्याताऱ्यांमधून यानांतून हिंडतात. तींत माइल्स ओब्रायन नांवाचा एक आयरिश यंत्रज्ञ आहे. १९९१ सालच्या ‘द वूंडेड’ या भागांत त्याचा जुना कप्तान तह झुगारून शत्रूचीं यानें उडवीत सुटतो. त्याचीं बायकामुलें पूर्वीच्या युद्धांत मारलीं गेलेलीं असतात. ओब्रायन त्याच्या यानावर जातो. तो वाद घालीत बसत नाहीं. जुन्या, गेलेल्या सोबत्याची आठवण निघते, दोघे ‘द मिन्स्ट्रेल बॉय’ हें गीत हळू आवाजांत गातात, आणि कप्तान आपला हट्ट सोडतो.

पुढें ओब्रायन ‘डीप स्पेस नाइन’ या दुसऱ्या मालिकेंत गेला. १९९९ सालच्या तिच्या अखेरच्या भागांत तो अवकाशस्थानक सोडून निघतो, तेव्हां त्याच्या आठवणींच्या चित्रांमागें हीच चाल वाजते. या वेळीं शब्द नाहींत, पण आठ वर्षांपूर्वींचा तो प्रसंग प्रेक्षकाच्या मनांत जागा होतो.

या गीताचे शब्द टॉमस मूर (१७७९ ते १८५२) या आयरिश कवीचे. चाल त्याहून जुनी, लोकांच्या तोंडची. वीणेसारखें वाद्य पाठीशीं घेऊन युद्धावर निघालेला तरुण गायक हा त्याचा विषय. मालिकेंतलें यान कल्पित, शत्रू कल्पित, ग्रहही कल्पित. चाल तेवढी खरी. म्हणून तिच्याकडून दोन कामें होतात. एक, ती कथेबाहेरची आठवण आंत आणते. रणांगणावर राहिलेल्या माणसांचें दुःख निराळें सांगावें लागत नाहीं. दुसरें, ती पुन्हां पुन्हां येते, त्यामुळें कथेचीही आठवण तिच्यावर सांचत जाते.

आमच्या दशावतारांत हींच दोन कामें कैक पिढ्या चाललीं आहेत. आरंभीं आडदशावतार. त्यांत गणपति येतो, रिद्धिसिद्धि येतात, सरस्वती आणि ब्रह्मदेव येतात. काळ्या वेषांतला संकासुर वेद पळवितो, मालवणींत थट्टा करून मंडप हसवितो, आणि शेवटीं विष्णूच्या हातून मरतो. मग आख्यान लागतें. त्याचे संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्याउभ्या रचतात. कथा रोज निराळी, बोलणें रोज नवें. आरंभाची गाणीं मात्र तींच. त्या खुंट्यावर सारी रात्र बांधलेली असते.

अलीकडे जाहिरातींत ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. अद्भुत दाखविणें हें या नाटकाचें कामच आहे. तक्रार निराळी आहे. वेळ वाचविण्यासाठीं कित्येक ठिकाणीं आडदशावतार आटोपता घेतात. एका जत्रेंत मीं पाहिलें कीं, गणेशस्तवन संपतांसंपतांच आख्यानांतला राजा पुढें आला. माझ्या शेजारचा मुलगा संकासुराची वाट पाहतां पाहतां झोंपीं गेला. हानि त्या एका रात्रीची नव्हे. पुढें मोठेपणीं ती चाल कोठें कानांवर आली, तर तिच्यासरशीं जागें व्हावें असें त्याच्यापाशीं कांहीं असणार नाहीं.

शेवटीं एक खरी हकीकत सांगतों. १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ नांवाचीं दोन यानें अवकाशांत गेलीं. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, आणि तींत आमच्या शेजारच्या गोव्यांतल्या केरी गांवच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तेथें ती कोणीं ऐकलीच, तर सूर पोंचतील. पण भैरवी लागली म्हणजे मैफल उठण्याची वेळ झाली, ही हुरहूर त्या ऐकणाऱ्याला कोठून येणार? ती आम्हीं लहानपणापासून मैफलींत बसून कमावलेली आहे. चाल तबकडींत सांठवितां येते. ओळख सांठवितां येत नाहीं.

म्हणून, मुंबईपुण्याकडच्या मंडळींना एवढेंच सुचवितों. यंदा मुलांना जत्रेला न्याल, तेव्हां आख्यानापुरतें नेऊं नका. पेटी-पखवाज जुळतात त्या वेळींच त्यांना मंडपांत नेऊन बसवा, आणि आडदशावतार पुरता व्हावा, असें आयोजकांना आवर्जून सांगा.