उद्याचा वाणी

वार्षिक राशिभविष्याशिवाय दिवाळी अंक पुरा होत नाही, आणि संपादकांनी या खेपेस धंद्यांचे राशिभविष्य माझ्याकडे सोपविले आहे. मी काही ज्योतिषी नव्हे. छत्तीस वर्षे एका कारखान्याच्या हिशेबखात्यात काढली, आणि घरचा जमाखर्च लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून लिहीत आलो, एवढेच माझे भांडवल. तेव्हा यंत्रमानव कोणाच्या नोकऱ्या खातील आणि चंद्रावर दुकान कोण थाटील, हे प्रश्न मी विद्वानांवर सोडतो. येत्या चार-सहा वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंबाने ज्या धंद्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे, तो माझ्या मते आपल्या दाराशीच आहे. तो म्हणजे किराणा मालाचा धंदा.

“त्यात मेले काय पाहायचे? साखर ती साखरच!” असे आमच्या सौभाग्यवतींनी म्हटलेच. साखर तीच, हे खरे. पण ती विकणारा बदलतो आहे, आणि तो साखरेबरोबर आणखी काय विकतो व काय घेऊन जातो, हाच या लेखाचा विषय.

वाण्याच्या मरणाची बातमी यापूर्वीही आली होती. २००१ साली बिग बझार निघाला, २००२ साली पवईत डी-मार्टचे पहिले दुकान उघडले, आणि आता कोपऱ्यावरचा वाणी संपला असे भाकीत जो तो करू लागला. पुढे काय झाले? डी-मार्ट फोफावला, बिग बझारची पाटीच २०२२ साली उतरली, आणि आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातला वाणी होता तिथेच राहिला. कारण साधे आहे. मोठ्या दुकानात माणूस महिन्यातून एकदा जातो आणि पिशव्या भरून आणतो. परंतु कढईत तेल तापले असता मोहरीचा डबा रिकामा निघाला, तर कोणी रिक्षा करून मॉल गाठीत नाही. घरातल्या धाकट्याला पिटाळले जाते ते कोपऱ्यावरच. महिन्याची मोठी यादी हातची गेली तरी हा अडल्यावेळचा माल वाण्याकडेच राहिला होता, आणि त्यावर त्याचा गल्ला वाजत होता.

नव्या व्यापाऱ्यांनी नेमका हा मोहरीचा डबा हेरला आहे.

२०२० साली स्विगीने इन्स्टामार्ट काढले. २०२१ साली परदेशातले कॉलेज सोडून आलेल्या दोन तरुणांनी मुंबईत झेप्टो सुरू केले. त्याच वर्षी ग्रोफर्स या जुन्या कंपनीने ब्लिंकिट असे नवे नाव धारण केले, आणि पुढच्या वर्षी ती झोमॅटोने विकत घेतली. ‘दहा मिनिटांत घरपोच’ ही ललकारी तेव्हापासूनची. पुष्कळांना वाटते की ही सारी मोटारसायकलच्या वेगाची करामत आहे. ती तशी नाही. करामत आहे ती जवळपणाची. आपल्याच वस्तीत, दोन-तीन किलोमीटरच्या आत, कंपनी एक गाळा घेते. त्यास डार्क स्टोअर म्हणतात. काळोख वगैरे काही नसतो, गिऱ्हाइकाला आत प्रवेश नसतो इतकेच. आत काही हजार वस्तू कप्प्याकप्प्यांत, आणि जो माल जास्त खपतो तो हाताशी. आपण फोनवर बोट ठेवले की आतल्या मुलाच्या हातातल्या यंत्रावर कप्प्याचा नंबर उमटतो, पिशवी भरते, आणि दाराशी उभा असलेला दुसरा मुलगा ती घेऊन सुटतो. दिसायला झकपक, पण शेवटी गोदाम ते गोदाम. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या अशाच एका गोदामाचा परवाना अस्वच्छतेपायी काही काळ निलंबित केला होता, हे गृहिणींनी ध्यानात ठेवलेले बरे.

आता हिशेबनिसाचा प्रश्न असा की, पाव किलो मोहरी पोहोचवायला मुलगा, गाडी आणि पेट्रोल लागते, त्याचे पैसे कोण देतो? प्रारंभीच्या वर्षांत बराचसा भार भांडवल घालणाऱ्यांनी उचलला. काही वाटा माल बनविणाऱ्या कंपन्या देतात. आपले बिस्किट फोनच्या पडद्यावर सर्वांत वर दिसावे म्हणून त्या पैसे मोजतात. वाणीही ठरावीक साबण पुढे मांडतो, पण ‘तो नको, दुसरा दाखवा’ म्हटले की तो मुकाट्याने दाखवतो! बाकीचा वाटा आपला. हाताळणीचा आकार, पावसाचा आकार, थोड्या मालाचा आकार, अशा बारीक-बारीक रकमा बिलाच्या तळाशी मुंग्यांसारख्या चालत असतात.

मी सहा महिने या खरेदीसाठी जमाखर्चात निराळा रकाना आखला. निष्पक्षपणे सांगतो, भाव वाण्याहून चढे नव्हते. काही वस्तू तर स्वस्तच पडल्या. वाढली ती खरेदीची संख्या. पूर्वी आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक कागद अडकवलेला असे. संपत आलेली वस्तू त्यावर लिहायची आणि पहिल्या तारखेपर्यंत पुरवायची. आता काही संपतच नाही, त्यामुळे काही पुरवायचेही नाही. शिवाय अमुक रकमेवर पोहोचवणूक मोफत, म्हणून सूनबाई मोहरीबरोबर चॉकलेट घेतात, आणि अठरा रुपये वाचविण्याकरिता सत्तर रुपये जातात. ही काही आमच्याच घरची कथा नव्हे. ग्राहकाला असे बोलता-बोलता गुंडाळण्याच्या तेरा युक्त्यांची यादी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना मनाई केली. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे, आकार शेवटच्या क्षणी उघड करणे, खोटी घाई लावणे, या त्यातल्याच युक्त्या. यादी वाचताना मला लहानपणीच्या जत्रेतले फेरीवाले आठवले.

दाराशी येणाऱ्या मुलाचा हिशेब मात्र माझ्या रकान्यात बसत नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे अशा तात्पुरत्या कामावरचे लोक २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. त्यांना नोकर म्हणत नाहीत, भागीदार म्हणतात; भागीदाराला नफ्यात वाटा असतो अशी माझी जुनी समजूत! सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिच्यात कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत घालावी अशी तरतूद आहे. तो पैसा प्रत्यक्ष कसा पोहोचतो, यावर या धंद्याचा खरा भाव ठरेल. कारण आपल्या दहा मिनिटांतली निम्मी त्या मुलाच्या पायांतली असतात, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बदल वहीचा. वाण्याकडे लाल कापडाची एक लांबट वही असते. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचा पगार लांबला, कोणाच्या घरी बाळंतिणीसाठी डिंक गेला, हे तीत सारे लिहिलेले असते. फक्त ते वाचता येणारा माणूस ओळखीचा असतो. १९८२ च्या गिरणी संपात कित्येक घरांची चूल या वहीवर पेटली. आता मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय ही सोय २०१६ साली आली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार तीवरून झाले. सोय उत्तम, दुकानदाराला त्याचे शुल्कही पडत नाही, सुट्ट्या पैशांचे भांडण मिटले. मात्र आपली वही आता भिंतीवरच्या खिळ्याला नाही आणि वाण्याच्या गल्ल्यातही नाही. ती अशा ठिकाणी आहे जिथे ती वाचून आपल्याला काय दाखवावे, किती कर्ज द्यावे, हे ठरते. याला दुसरीही बाजू आहे. ज्याच्याकडे तारण नाही अशा छोट्या दुकानदाराला या नोंदींच्या जोरावर कर्ज मिळू लागले आहे. पूर्वी त्याला सावकार गाठावा लागे.

उलट दिशेने चालणारी मंडळीही आहेत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली निघाली. शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, माल एकदम येतो आणि आपापसांत वाटून घेतात. दहा मिनिटांऐवजी महिनाभर थांबायचे, आणि त्या थांबण्याचा फायदा आपल्याच पदरात पडायचा. आमच्या वहिनी वीस वर्षे अशा संघात आहेत. नव्या पिढीने हीच कल्पना फोनवर राबविली, तर माझ्या मते तो धंदा टिकेल. पण त्यासाठी शेजारी माहीत असावा लागतो, आणि ती वस्तू कोणत्याच कप्प्यात सापडत नाही.

आमचे वाणी कच्छी आहेत, आणि मुलगा बी. कॉम. झालेला. गेल्या श्रावणात त्यांच्या दुकानालगतचा गाळा भाड्याने मागायला एका कंपनीचा माणूस आला. देऊ केलेले भाडे दुकानाच्या महिन्याच्या नफ्याहून जास्त. मुलगा म्हणतो, “काका, देऊन टाकू. उद्या ते शेजारच्या गल्लीत घेतीलच, मग भाडंही नाही आणि गिऱ्हाईकही नाही.” हिशेब चोख आहे, मी ताडून पाहिला. शेठ ऐकतात, पुडी बांधतात, आणि सुतळी दाताने तोडत म्हणतात, “दिवाळीचं चोपडापूजन होऊ दे, मग बघू.” कराराचा कागद गल्ल्याखाली आहे. नव्या चोपड्या मात्र त्यांनी दसऱ्यालाच आणून ठेवल्या आहेत, दरवर्षीप्रमाणे दोन.