दोन दुष्काळांमधल्या रमाबाई

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दोन दुष्काळ निर्णायक ठरले. पहिल्यात त्या स्वतः उपाशी होत्या. दुसऱ्यात उपाशी मुलींना शोधत फिरल्या. मधल्या वीसेक वर्षांत त्यांच्या मनात काय घडलं हे पाहिल्याशिवाय निराधार स्त्रियांसाठी त्यांनी उभं केलेलं पुण्याजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन कळत नाही, असं मला वाटतं.

पहिला दुष्काळ 1870 च्या दशकातला, दक्षिणेतला. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकामुलांसह पुराण सांगत तीर्थक्षेत्रं फिरायचे. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं, उपासतापास झाले, नवस झाले. वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीणही. सोळा-सतरा वर्षांच्या रमाबाई भावाबरोबर उत्तरेकडे चालत राहिल्या. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याची थंडी आणि पांघरायला काही नाही. भावंडांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत आडवी झाली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. रमाबाईंनीच हे लिहून ठेवलंय. शास्त्रात सांगितलं ते सगळं केलं, तरी पदरी काहीच पडलं नाही, ही त्या काळाची त्यांची वेदना होती.

पुढे 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा गौरव केला. पण 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती पटकीनं गेले आणि कडेवर लहानगी लेक मनोरमा राहिली. मग त्या शिकायला इंग्लंडला गेल्या आणि 1883 च्या सप्टेंबरात तिथं, वाँटेजला, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुःखानं खचलेली बाई परधर्मात ओढली गेली, असं पुण्यात अनेकांना वाटलं. मला ते पटत नाही. वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणींशी त्यांचा पत्रव्यवहार वाचावा: पटल्याशिवाय एकही सिद्धांत त्या मान्य करत नाहीत. त्यांना ओढून घेतलं ते लंडनच्या फुलहॅममधल्या एका आश्रमानं. समाजानं टाकलेल्या स्त्रियांना तिथं मायेनं वागवत होते. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. तरीही, धर्म सापडला पण ख्रिस्त अजून सापडायचा होता, असं त्यांनी पुढे नमूद केलं. तो सापडायला आणखी आठेक वर्षं गेली, आणि सापडला तो पुण्यात. ही वाट पाहणं मला फार मोलाचं वाटतं. खरी आशा अशी सावकाशच रुजते.

दरम्यान 1889 मध्ये मुंबईत विधवांना आसरा आणि शिक्षण देणारं त्यांचं शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 मध्ये वादळ उठलं. सदनाचे सल्लागार रानडे, भांडारकर बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. मुली धर्म बदलतील ही त्यांची भीती अगदीच निराधार होती असं म्हणता येणार नाही. पण पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून बाया कर्वे झालेल्या गोदूबाई याच सदनात शिकल्या, हेही विसरू नये.

मग 1896 चा दुष्काळ. मध्य प्रांतातल्या बातम्या आल्या आणि रमाबाई निघाल्या. मदत केंद्रांवरच्या उपाशी मुली त्यांना परक्या वाटणं शक्यच नव्हतं. तीनशेच्या आसपास मुली आणायचं त्यांनी ठरवलं. हातात पैसा नव्हता. 1897 मध्ये पुण्यात प्लेग पसरला होता, नव्या मुली शहरात ठेवता येईनात. केडगावला घेतलेल्या जमिनीवर तंबू पडले आणि त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. त्याच वर्षी प्लेगच्या व्यवस्थेतल्या गैरप्रकारांवर त्यांनी सरकारविरुद्ध उघडपणे लिहिलं. देवावर भार टाकला म्हणून त्या कधी गप्प बसल्या नाहीत.

1900 मध्ये गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी मुली आल्या. पाऊस ओढ देत होता, आश्रमात दीड-दोन हजार माणसं, शिवाय गुरंढोरं. संध्याकाळी विहिरींचा तळ दिसायचा, सकाळी पुन्हा पाणी साठलेलं असायचं. रमाबाईंच्या लेखी ती रोजची भाकर होती: आजच्यापुरती, उद्याची उद्या मागायची. त्यांच्या श्रद्धेचं मला दिसणारं बळ यात आहे. प्रार्थना आणि विहीर खणणं यांत त्यांनी फरक केला नाही.

शेवटची कितीतरी वर्षं बायबलच्या भाषांतरात गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत. आश्रमातल्याच छापखान्यात मुली खिळे जुळवत. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. तोवर रमाबाईंना ऐकूही फारसं येत नव्हतं. तरी मुद्रितं तपासणं चालूच राहिलं, 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तोपर्यंत. 1924 मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. केडगावला आजही निराधार स्त्रिया आणि मुलं आसऱ्याला येतात.