संगणकावरचे आकाश आणि पिकलेली नजर

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे, पस मॉथ या चिमुकल्या विमानातून, जुहूला उतरले. पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८व्या वर्षी, तोच प्रवास त्यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून पुन्हा केला.

आपल्याला तसे उड्डाण घडणे कठीण. मात्र संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जुन्या धाटणीचे विमान समुद्रकिनाऱ्यावरून नेता येते, एक क्षण स्क्रीनशॉटमध्ये टिपता येतो आणि त्याचे चित्र करता येते. ज्येष्ठांना अधिक मानवतो तो हा शेवटचा भाग. हलत्या पडद्याने अनेकांना गरगरते. स्थिर चित्राने तो त्रास सहसा होत नाही.

फ्लाइटगिअर हे सिम्युलेटर आणि गिम्प, क्रिता ही चित्रसंस्काराची साधने विनामूल्य मिळतात. नातवंडांकडून ती एकदा बसवून घ्यावीत. विमानाचे बाहेरून दिसणारे दृश्य निवडून मगच चित्र टिपावे. ते आरंभी कोरडेच असते. कडा करवतीसारख्या, हवा इतकी स्वच्छ की दूरचा डोंगर जवळच्या झाडाइतकाच ठसठशीत! मूळ चित्रावर पारदर्शक थर चढवून क्षितिजापाशी फिकट, निळसर धूसरता भरली की चित्रात अंतर निर्माण होते. पंख्याची पाती गोठल्यासारखी दिसत असतील तर ती पुसून फिरत्या चकतीची पुसट छटा द्यावी. हात कापत असला तरी संकोच नको. चित्र मोठे करून काम करावे, चुकलेला फटकारा क्षणात मागे घेता येतो. जलरंगांनी हे औदार्य आपल्याला कधी दाखवले नाही.

आता आकाशाच्या निळ्या रंगाविषयी. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवू लागते. मोतीबिंदूत हे अधिक घडते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या त्या काळातील चित्रांत तांबूस-पिवळे रंग दाटलेले दिसतात. १९२३ मधील शस्त्रक्रियेनंतर मात्र सारेच फार निळे दिसते, अशी त्यांची तक्रार होती. हा बदल इतका सावकाश होतो की ज्याच्या डोळ्यांत होतो, त्याला तो जाणवतही नाही.

म्हणून आजोबांनी रंगवलेले आकाश घरच्यांना भडक वाटले, तर हसू नये. त्यांच्या नकळत रंग सुधारणे तर मुळीच नको. कदाचित ती त्यांची आवडच असेल. तरीही एकेक डोळा झाकून तेच आकाश पाहायला सांगावे. दोन डोळ्यांना रंग निराळा दिसला, किंवा चित्र धुरकट भासले, तर नेत्रतज्ज्ञांची भेट लांबवू नये. नजर अचानक बदलली तर त्याच दिवशी जावे.

काम करताना दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, त्या आठवणीने मिटाव्यात. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर मान मागे झुकते; पडदा थोडा खाली ठेवल्यास ती अवघडत नाही. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय रंगकामापुरती बंद ठेवावी आणि छापलेले चित्र भिंतीवर लावण्याआधी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, एकदा पाहून घ्यावे. पडद्यावरचा निळा कागदावर तसाच उतरेल, असे नसते.