श्वानाचे लंगडणे आणि हाडांचा कर्करोग

भेडाघाट (जबलपूर) : संगमरवरी कड्यांसाठी विख्यात असलेल्या भेडाघाटाजवळच नर्मदेवर लम्हेटा घाट आहे. या घाटावरून नाव पडलेल्या ‘लॅमेटा’ खडकस्तरांतून १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना जबलपूर येथे महाकाय हाडे मिळाली आणि भारतातील डायनोसॉर संशोधनाचा आरंभ झाला. अशा प्राचीन हाडांवर कधी कधी रोगाच्या खुणाही टिकून राहतात. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात १९८९ मध्ये सापडलेले सेंट्रोसॉरस या शिंगधारी डायनोसॉरच्या पायाचे वेडेवाकडे हाड प्रारंभी मोडून जुळलेले मानले गेले. तो ‘ऑस्टिओसार्कोमा’, म्हणजे हाडांचा कर्करोग असल्याचे २०२० मध्ये स्पष्ट झाले. त्या प्राण्याचा काळ सुमारे ७ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा.

नेमकी हीच गफलत आजही घरोघरी होते. श्वान लंगडू लागला की पाय मुरगळला असेल किंवा वयोमानाने सांधे धरले असतील, असे समजून आठवडे निघून जातात. श्वानांमध्ये प्रत्यक्ष हाडातच उद्भवणाऱ्या अर्बुदांपैकी बहुसंख्य ऑस्टिओसार्कोमाच असतात. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड यांसारख्या मोठ्या जातींना धोका अधिक. वय बहुधा सात वर्षांच्या पुढचे, क्वचित दीड-दोन वर्षांचेही. पुढच्या पायात मनगटालगत व खांद्याजवळ, तर मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास गाठ आढळते. मोठ्या जातीच्या श्वानाचे लंगडणे विश्रांतीनंतरही थांबत नसेल, तर क्ष-किरण तपासणी लांबवू नये. हाडाचा तुकडा किंवा पेशी तपासल्यावर निदान पक्के होते.

निदानानंतर पशुवैद्य पाय काढण्याविषयी बोलतात, तेव्हा कुटुंब हादरते. वास्तविक त्या हाडाची वेदना अतितीव्र असते आणि पोखरलेले हाड साध्या उडीनेही मोडू शकते. पाय काढल्यावर ती वेदना संपते. उरलेले तीन पाय निरोगी असतील तर बहुतेक श्वान काही दिवसांतच चालू लागतात. अपंगत्वाची खंत माणसाला वाटते, श्वानाला नाही.

तरीही ही शस्त्रक्रिया म्हणजे रोगमुक्ती नव्हे. निदानाच्या वेळी सुमारे ९० टक्के श्वानांत कर्करोगाच्या सूक्ष्म पेशी बहुधा फुफ्फुसांपर्यंत पोहोचलेल्या असतात, मग छातीचे चित्र स्वच्छ का दिसेना. केवळ शस्त्रक्रियेनंतर सरासरी चार-पाच महिने, तर कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाची जोड दिल्यास दहा-बारा महिने मिळतात. सुमारे पाचातील एक श्वान दोन वर्षे काढतो. श्वानांना रसायनोपचार माणसांइतका त्रासदायक होत नाही. बहुतेकांचे केसही गळत नाहीत. औषधानंतरचे काही दिवस मलमूत्र हातमोजे घालून उचलावे लागते.

शस्त्रक्रिया शक्य नसेल किंवा खर्च पेलवत नसेल, तर वेदनाशमन हाच उपचार ठरतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मेलॉक्सिकॅम, गाबापेंटिन, हाडांची झीज रोखणारी झोलेड्रोनेटसारखी इंजेक्शने पशुवैद्य योजतात. विकिरणोपचारानेही वेदना कमी होते, पण प्राण्यांसाठी ही सोय देशात फार थोड्या ठिकाणी आहे. घरातील माणसांच्या गोळ्या मात्र कदापि देऊ नयेत. आयबुप्रोफेनने श्वानाच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

जबलपूरला १९४८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईत परळचे बाई साकरबाई रुग्णालय जुने. महालक्ष्मी येथे टाटा समूहाच्या न्यासांचे पशुरुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. दूरच्या कुटुंबांनी प्रथम जवळच्या पशुवैद्याकडून क्ष-किरण चित्रे घेऊन ती तज्ज्ञांना पाठवावीत; दुखऱ्या पायाच्या प्राण्याचा प्रवास वाचतो.

घरातही थोडे बदल आवश्यक असतात. संगमरवराची गुळगुळीत फरशी भेडाघाटच्या कारागिरांना शोभते, तीन पायांच्या प्राण्याला ती घातक ठरते. तिच्यावर सतरंजी किंवा पोती अंथरावीत. जिने आणि गाडीतून उड्या मारणे बंद करावे. वजन वाढू देऊ नये.

सर्वांत अवघड प्रश्न अखेरच्या निर्णयाचा. त्यासाठी दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावी: आज त्याने खाल्ले का, आपणहून उठला का, दाराशी आला का. वाईट दिवस चांगल्या दिवसांहून वाढू लागले की पशुवैद्याशी दयामरणाविषयी बोलावे. हाड मोडण्याची किंवा श्वास कोंडण्याची वाट पाहू नये. इंजेक्शनाने प्रथम शुद्ध हरपते, नंतर हृदय थांबते. त्या वेळी घरचे माणूस जवळ बसू शकते.