पोचपावतीचा प्रश्न

टपालाने विद्या देण्याची कल्पना जेव्हा नवी होती, तेव्हा आपण पाठविलेला स्वाध्याय गुरुजींच्या हाती पडला की वाटेतच गहाळ झाला, ही धास्ती विद्यार्थ्याच्या अभ्यासाचाच एक भाग होऊन बसलेली असे. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र धाडण्याची सोय झाली आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी आपल्या लघुलिपीचे धडे टपालाने देण्यास आरंभ केला; विद्यार्थ्यांनी नेमलेला उतारा लघुलिपीत लिहून पाठवावा आणि पिटमन यांनी तो तपासून परत करावा, असा तो क्रम होता. परत आलेल्या त्या कागदावर नुसत्या चुकांच्या खुणा नसत. आपले लिखाण कोणीतरी वाचले आहे, याची ती पोचपावतीही असे. शिकणारा व शिकविणारा यांच्यामध्ये अंतर पडले की, ते अंतर ज्या साधनाने तोडावयाचे त्या साधनाच्या गुणदोषांवर विद्येचे भवितव्य किती अवलंबून राहते, हे त्या कागदाकडे पाहिले तरी ध्यानी यावे.

आज टपालाची जागा ऑनलाइन शिक्षणप्रणालीने घेतली आहे. माझ्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीने, जी मराठवाड्यातील एका खेड्यात राहून अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम मोबाइलवरून पुरा करीत होती, मुदतीच्या अखेरच्या रात्री आपला स्वाध्याय पाठविला. कळ दाबल्यावर पडद्यावर एक चक्र फिरू लागले, थांबले, आणि पूर्वीचेच पान पुन्हा समोर आले. स्वाध्याय दाखल झाला किंवा झाला नाही, याविषयी एक अक्षरही कोठे उमटले नाही. तिने तो तीन वेळा पाठविला, मध्यरात्रीपर्यंत जागून पडद्याची छायाचित्रे काढून ठेवली, आणि पुढील चार महिने त्या अभ्यासक्रमात शिक्षकाला एकही प्रश्न विचारला नाही. तिच्या शिक्षकाने हजेरीच्या तक्त्यावरून ती उदासीन आहे असा निष्कर्ष काढला असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु तो निष्कर्ष साफ चुकीचा होता.

ज्या गुणाच्या अभावी हे घडले, त्याला शास्त्रात वापरसुलभता म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९८ साली तिची जी व्याख्या सिद्ध केली, तिचा आशय असा की, ठराविक माणसांना, ठराविक परिस्थितीत, आपले ठराविक कार्य परिणामकारकपणे, वेळेचा व श्रमाचा अपव्यय न होता आणि समाधानाने पार पाडता आले, तर ती वस्तू सुलभ समजावी. या व्याख्येतील ‘ठराविक परिस्थितीत’ हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. संगणकतज्ज्ञाच्या प्रशस्त मेजावर जे पान सुबोध भासते, तेच पान धाकट्या भावाबरोबर वाटून घेतलेल्या फोनवर आणि वारा सुटताच तुटणाऱ्या जोडणीवर सुबोध राहीलच असे नाही.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ साली विद्यार्थ्याच्या आंतरक्रियांचे तीन प्रकार सांगितले: पाठ्यविषयाशी, शिक्षकाशी आणि सहाध्यायांशी होणारी आंतरक्रिया. पुढे १९९४ मध्ये हिलमन, विलिस आणि गुणवर्धना या तिघांनी त्यांत चौथ्या प्रकाराची भर घातली. ती म्हणजे खुद्द साधनाशी, म्हणजे आपण ज्याला इंटरफेस म्हणतो त्याच्याशी, विद्यार्थ्याची होणारी देवघेव. ही चौथी आंतरक्रिया क्रमाने शेवटची असली तरी व्यवहारात ती पहिली आहे. कारण उरलेल्या तिघींकडे जाण्याची वाट तिच्याच उंबरठ्यावरून जाते, आणि उंबरठा उंच असेल तर आत केवढाही विद्वान बसलेला असला तरी बाहेरच्याला त्याचा उपयोग नाही.

याचे कारण मनाच्या रचनेत आहे. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेला बोधभाराचा सिद्धान्त असे सांगतो की, एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींची संख्या फार थोडी असते, आणि ती मर्यादित शक्ती विषय समजून घेण्यातच खर्ची पडणार की विषयाबाहेरच्या खटाटोपात वाया जाणार, यावर शिकणे ठरते. दुसऱ्या घटकाची टिपणे कोठे ठेवली आहेत, मागे गेल्यास लिहिलेले उत्तर पुसले तर जाणार नाही ना, असल्या शंकांवर खर्च झालेले अवधान मागणी-पुरवठ्याच्या वक्राला उरत नाही. विद्यार्थी थकतो, आणि आपण कशाने थकलो हे न उमगल्यामुळे विषयच अवघड आहे असे समजून बसतो. या व्यवहारातील सर्वांत मोठी हानी मला हीच वाटते.

याच्या उलट, साधन नीट घडविले म्हणजे काय होते याचा एक जुना दाखला फार उद्बोधक आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने ‘प्लेटो’ नावाची संगणकशिक्षणाची प्रणाली सुरू झाली. १९७२ मधील तिच्या चौथ्या अवताराला नारिंगी प्रकाशाचा सपाट पडदा होता, बोटाच्या स्पर्शाने त्यावर उत्तर देता येई, आणि कळफलकावर ‘पुढे’, ‘मागे’, ‘मदत’ अशा अर्थाच्या स्वतंत्र कळा होत्या. म्हणजे अडलेल्या विद्यार्थ्याला मदत कोठे मिळेल हे शोधीत हिंडावे लागत नव्हते. तेथे दोषांच्या तक्रारी नोंदविण्यासाठी एक सामाईक दफ्तर असे. परंतु त्यात कोणीही काहीही लिहावे, दुसऱ्याचे पुसावे आणि कोणी लिहिले हे कोणाला कळू नये, असा तो गोंधळाचा कारभार होता. १९७३ च्या उन्हाळ्यात डेव्हिड वूली या अवघ्या सतरा वर्षांच्या तरुणाकडे तो सुधारण्याचे काम आले. त्याने प्रत्येक टिपणावर लिहिणाऱ्याची ओळख व दिनांक आपोआप पडेल, एकाचे लिखाण दुसऱ्याला पुसता येणार नाही आणि प्रत्येक टिपणाखाली उत्तरे ओळीने लागतील, अशी व्यवस्था केली. बदल एवढाच, पण तक्रारींसाठी केलेल्या त्या सोयीतून पाहता पाहता एक बोलका समाज उभा राहिला. तेथील माणसे एका रात्रीत अधिक मनमोकळी झाली होती असे नव्हे. आपला शब्द टिकेल आणि त्याला उत्तर येईल, एवढा विश्वास साधनाने त्यांना दिला होता.

सुलभता मोजता येते काय? जॉन ब्रूक यांनी १९८६ साली त्यासाठी दहा विधानांची एक छोटी प्रश्नावली तयार केली, जी आजही जगभर वापरली जाते. तिच्यात एक विधान अनुकूल तर पुढचे प्रतिकूल अशी योजना असते, जेणेकरून माणसाने न वाचताच एका बाजूच्या खुणा करीत जाऊ नये; उत्तरांवरून शून्य ते शंभर यांच्यामधला अंक निघतो, आणि साधारण ६८ हा सरासरी अंक मानला जातो. ही मापे उपयुक्त आहेत. मात्र सुलभता वाढली की समाधान त्याच मापाने वाढते, असे समजणे घाईचे होईल. प्रणाली अवघड असेल तर विद्यार्थी तिच्याविषयी कडवटपणे बोलतो. ती सुलभ असेल तर तो तिच्याविषयी बोलतच नाही, शिक्षकाविषयी व विषयाविषयी बोलतो. घरात पाणी वेळेवर आले म्हणून कोणी आनंदोत्सव करीत नाही, पण ते आले नाही तर घरातला एकही व्यवहार धड होत नाही. तशातलीच ही गोष्ट आहे.

शिवाय सगळा दोष साधनाच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. २०१२ साली एमआयटीने विद्युत्परिपथांवरचा आपला खुला अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा सुमारे १,५५,००० लोकांनी नावे नोंदविली आणि प्रमाणपत्रापर्यंत सुमारे ७,१०० पोचले. गळालेल्यांपैकी कित्येक केवळ कुतूहलाने डोकावलेले होते, कित्येकांना गणित झेपले नाही, कित्येकांना सवड नव्हती.

आपल्याकडे मात्र उंबरठ्याची उंची आणखी काही कारणांनी वाढते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक आढळला. म्हणजे संगणकाच्या रुंद पडद्यासाठी आखलेली प्रणाली ही खेड्यातील विद्यार्थ्यासाठी आखलेलीच नव्हे. भाषेचीही अशीच गत. इंग्रजी पानावर मराठी शब्द चिकटविले की ते मराठी झाले, असा एक समज सरकारी व बिनसरकारी दोन्ही दफ्तरांत दृढ आहे. वस्तुतः ज्या मुलीच्या तोंडी ‘पासवर्ड’ हा शब्द रुळलेला आहे तिच्यापुढे ‘संकेतशब्द’ ठेवल्याने सुलभता वाढत नाही. तिला मराठीची गरज असते ती निराळ्या ठिकाणी: काय चुकले आणि आता काय करावे, हे सांगणाऱ्या वाक्यात. नेमके तेच वाक्य बहुधा इंग्रजीत, तेही सांकेतिक आकड्यांसह, अवतरते. आणि तिने मराठीत प्रश्न लिहू म्हटले, तर चौकटीत जोडाक्षरे फुटून रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. आपला अशुद्ध दिसणारा प्रश्न साऱ्या वर्गासमोर मांडण्यापेक्षा गप्प राहणे तिला अधिक अब्रूचे वाटते.

त्या विद्यार्थिनीच्या प्रणालीत पुढील सत्रात एक दुरुस्ती झाली. स्वाध्याय पाठविताच हिरव्या चौकटीत मराठीतून ओळ येऊ लागली: तुमचा स्वाध्याय अमुक दिनांकास, अमुक वाजता मिळाला. तिने मला ती चौकट फोनवर उघडून दाखविली. त्याच आठवड्यात तिने शिक्षकाला आपला पहिला प्रश्न लिहिला होता, आणि तो असा होता: किंमत दुप्पट झाली तरी आमच्या गावात टँकरचे पाणी सगळेच घेतात, पण किंमत वाढली की त्याच पाण्याने जनावरे धुणे मात्र बंद होते, तर मग पाण्याची मागणी लवचिक म्हणावी की अलवचिक?